एका खांबाचा संघ

२ डिसेंबर १९८५, सोमवार

शिट्टीत दाणा नाही!

पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही, जनावरांना कडबा नाही — हे सगळं मी निमूट सहन केलं. कुणाच्या दारात तक्रार घेऊन गेले नाही. पण शाळेनं बास्केटबॉलच्या बाईला दिलेल्या शिट्टीत दाणा नसावा, हे मात्र सहन होण्यापलीकडचं आहे. फुंकलं की नुसता वारा येतो. फुस्स! एखाद्या म्हाताऱ्यानं उसासा टाकावा तसा. मुली खेळ थांबवत नाहीत, उलट काळजीनं माझ्याकडं बघतात — बाईंना दम लागला की काय?

हेडसरांकडं गेले. ते म्हणाले, दाणा महारुद्र सर असतानाच पडला. महारुद्र सर म्हणजे आमचे पी.टी.चे मास्तर. बदली होऊन तुळजापूरला गेले, शिट्टी इथं ठेवून. नव्या शिट्टीचं मार्चनंतर बघू, असंही हेडसर म्हणाले. स्पर्धा फेब्रुवारीत आहे.

मी भूगोल शिकवते. वय सेहेचाळीस, गुडघे साठीचे. तर हा खेळ माझ्या गळ्यात का? "तुमचा आवाज मोठा आहे, बाई." मग शिट्टी कशाला दिली?

३ डिसेंबर, मंगळवार

जगात बास्केटबॉलला दोन खांब लागतात. आमच्याकडं एक आहे.

झालं असं की कारखान्याच्या संचालक मंडळानं गेल्या वर्षी खेळाला उत्तेजन द्यायचं ठरवलं. दोन लोखंडी खांब बनवून घेतले, वर फळी, फळीला रिंग. दोन्ही नळदुर्गला, आमच्या मुलींच्या शाळेला द्यायचे होते. सभेत अणदूरचे सभासद उठले. ऊस आम्ही पण घालतो, आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय? मग समान वाटप. एक खांब नळदुर्गला, एक अणदूरला! ठराव एकमतानं मंजूर, टाळ्या, चहा. एकाही माणसाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

वाटणार तरी कसं? आमच्याकडं खंडोबासुद्धा दोन्ही गावांनी वाटून घेतलेला. काही महिने तो अणदूरचा, काही दिवस नळदुर्गचा. पण देव येताना अख्खा येतो आणि जाताना अख्खा जातो, एवढा फरक संचालक मंडळाच्या ध्यानात आला नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

संघ म्हणून पहिला सराव. मैदानाच्या कडेला खुर्ची, खुर्चीत आण्णासाहेब. शाळेचे अध्यक्ष, कारखान्याचे संचालक आणि आमच्या वैजयंताचे आजोबा. वैजयंता गेल्या वर्षापर्यंत सोलापूरला मामाकडं शिकत होती. खूप उंच. वर्गात ती असली की नकाशा टांगायला मला स्टूल लागत नाही.

आण्णासाहेबांनी सगळा खेळ मला एका दमात शिकवला. चेंडू वैजूला द्यायचा, वैजू टाकणार, बाकीच्यांनी मधी यायचं न्हाय. मी म्हटलं, हो साहेब. मनात म्हटलं, मग बाकीच्या चौघींना घरीच ठेवते की, कपडे तरी मळायचे नाहीत.

हे असं आहे. माझी जीभ तिखट म्हणून गावात नाव आहे. पण तो तिखटपणा स्टाफरूममध्ये आणि या पानावर. आण्णासाहेबांपुढं 'हो साहेब'. नंतर करायचं ते मात्र स्वतःच्याच मनाचं! वीस वर्षं नोकरी अशीच केली.

वैजयंतानं टाकले. एकही गेला नाही. आजोबा खुर्चीत असले की पोरीचे हात लाकडाचे होतात.

महारुद्र सरांनी कुठल्याशा शिबिरातून आणलेले कागद माझ्या स्वाधीन केलेत. त्यात लिहिलंय — प्रशिक्षकानं प्रथम खेळाडूच्या उणिवा शोधाव्यात व रोज एक दूर करावी. शोधल्या. पुतळा बुटकी आहे. शमशादला पळताना हसू येतं. सुलन चेंडूपेक्षा आभाळाकडं जास्त बघते (सध्या सगळा तालुकाच बघतो म्हणा). महामाया तर सरावालाच नाही. आणि पाचजणींपैकी एकीलाही चेंडू आपटत पुढं नेता येत नाही. मैदान मुरमाचं, खाली दगड. चेंडू खाली जातो सरळ आणि वर येतो तहसिलीच्या कामासारखा — कुठून येईल, कधी येईल, भरवसा नाही.

रोज एक उणीव दूर करायची म्हटलं तर या पोरी आज्या होतील तेव्हा संघ तयार होईल.

१० डिसेंबर, मंगळवार

उणिवा दूर झाल्या नाहीत. चेंडूत बाभळीचा काटा गेला.

१२ डिसेंबर, गुरुवार

महामायाला शोधायला गेले आणि डोकं ठिकाणावर आलं.

माळापलीकडं पाझर तलावाचं काम चालू आहे, रोजगार हमीचं. महामाया तिथं. तिची आई बाळंतीण, म्हणून आईच्या जागेवर ही. हजेरी आईच्या नावावर, उन्हात पोरगी. दहावीतली!

खाली खड्ड्यात गडी खोदतात. तिथून बांधाच्या माथ्यापर्यंत बायकांची रांग. कुणी चालत नाही. भरली पाटी हातोहात वर जाते, अंगाजवळून, मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर द्यावं तशी. रिकामी पाटी वरून फेकत खाली येते, दोघी-तिघींना ओलांडून. आणि बघत कुणीच नाही! कुणाची सून कशी, कुणाचं लेकरू कसं, याच्या गप्पा चाललेल्या. पाटी येते तेव्हा हात तिथं असतो, बस्स.

मी उन्हात उभी राहून बघत राहिले. वीस वर्षं लाल शाई घेऊन पोरींना काय येत नाही तेवढंच शोधत आले. महामायाला काय येतं हे आज पहिल्यांदा बघितलं.

टोळीच्या प्रमुख धुरपदाबाई. तीन एकर रान आहे, पण यंदा त्यात उभं राहून सावलीसुद्धा मिळत नाही, म्हणून इथं. कुणी कुठं उभं राहायचं ते त्या ठरवतात. लांब हातांची चढावर, कमरेची पक्की खड्ड्याजवळ, बोलघेवडी मधोमध — म्हणजे दोन्हीकडच्या जाग्या राहतात. जात बघत नाहीत, हात बघतात. (पाणी प्यायच्या वेळी मात्र डेरे दोन. महामाया आपली सरळ दुसऱ्या डेऱ्याकडं गेली. पाटी चालते, पाणी चालत नाही. हा भूगोल कुठल्या पुस्तकात नाही.)

धुरपदाबाईंनी विचारलं, "पोरीला कशाला हुडकायलाव बाई? नाव काढणार का शाळंतनं?"

म्हटलं नाही, खेळायला न्यायची आहे.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दिवस उतरला की न्या. तवर ती रांगंची हाय.

शाळेत मी तिला हजर लावते. हेडसरांना माहीत आहे. तो विषय निघाला की ते चष्मा पुसत बसतात. देवमाणूस आहेत, फक्त चष्मा असेपर्यंत.

१६ डिसेंबर, सोमवार

शिबिराच्या कागदांच्या सुरळ्या केल्या, बंब पेटवायला उत्तम.

आजपासून चेंडू आपटायला बंदी! मुरमावर आपटून मिळायचं काय? चेंडू जमिनीला लागताच कामा नये. हातोहात. महामायाला मधे उभी केली आणि सांगितलं, ही पाटी आहे.

पोरगी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून हसली. तिनं विचारलं, "भरली का रिकामी, बाई?"

बस्स. आमच्या संघाची सगळी परिभाषा या प्रश्नातून निघाली. 'भरली' म्हणजे जवळच्या जवळ, अंगालगत, हातात हात घातल्यासारखं द्यायचं. 'रिकामी' म्हणजे दोघींना ओलांडून लांब फेकायचं. सुलनही मागच्या उन्हाळ्यात कामावर होती, तिच्या हातांना लगेच आठवलं. शमशादला हसू यायचं ते येऊ द्या म्हटलं. समोरची मुलगी त्या हसण्यानं गोंधळते, हे माझ्या आज लक्षात आलं. मी इतके दिवस त्याला उणीव म्हणत होते!

खुर्चीतून आण्णासाहेब म्हणाले, हे काय मातीकाम लावलंय? हो साहेब म्हटलं. मातीकामच आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

पुतळाचं कोडं सुटलं. काल हैदराबाद रस्त्यावर तिच्या बापाच्या, व्यंकटच्या धाब्यावर चहाला थांबले होते. ट्रकवाल्यांची ही गर्दी. त्यातून ही एवढीशी पोरगी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन निघाली — कुणाच्या बगलेखालून, कुणाच्या पाठीमागून, एका ड्रायव्हरनं हात पसरून आळस दिला तर त्या हाताखालून! थेंब सांडला नाही. आणि ज्याचा ग्लास त्याच्यापुढं.

आज तिला सांगितलं, रिंग म्हणजे कोपऱ्यातलं गिऱ्हाईक आहे. तुला चहा पोचवायचा आहे. गेली की! खालून शिरली, वर ढकलला, आत. पुन्हा तेच. तिच्या बुटकेपणाबद्दल आता कुणी बोलेल तर त्यानं आधी तो चहा पोचवून दाखवावा.

सराव संपल्यावर वैजयंता थांबली. आजोबांची खुर्ची आज रिकामी होती, म्हणून बोलली. "बाई, मला मागं उभं करा. मागनं सगळं दिसतं मला. कोण मोकळी हाय, कोण कुठं पळायली, सगळं. पुढं गेले की कायच दिसत न्हाय." आणि मग एकदम हळू, "आन् बाई, मला टाकायला आवडतच न्हाय."

एवढी उंच पोरगी, आणि एवढी साधी गोष्ट सांगायला तिला किती दिवस लागले! उंच आहे म्हणून सगळ्यांनी तिच्या उंचीशीच बोलणं केलं. मीही केलं. नकाशे टांगून घेतले.

मागं उभी केली. तिथून सगळ्यांच्या डोक्यावरून बघते आणि हाका मारते. "पुतळे, रिकामी येती!" लांबून आलेला चेंडू वरच्या वर झेलते. हात लाकडाचे? छे. लोण्याचे.

४ जानेवारी १९८६, शनिवार

एस.टी.नं अणदूरला गेलो, सरावाच्या सामन्याला. तिथले पंचाक्षरी सर विज्ञान शिकवतात, आणि माझ्यासारखेच एका खांबाचे धनी. दोघांनी मिळून नियम केला — दोन्ही संघांनी त्याच एका रिंगेत टाकायचा. दुसरी आणायची कुठून?

हरलो. पहिली दहा मिनिटं आमच्या पोरींनी त्यांना चेंडू दिसूही दिला नाही. मग त्यांना कळलं. पंचाक्षरी सरांनीच मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. हा माणूस हरवतानासुद्धा लाजतो.

"मुली लई छान देतात की हो. पण सगळं उजवीकडंच जातंय, बघा."

बघितलं. खरंच! डावीकडून घ्यायचं, उजवीकडं द्यायचं. तलावावर खड्डा डावीकडं, बांध उजवीकडं. हातांना दुसरी दिशाच माहीत नाही.

परत येताना एस.टी.त विचार केला. जे येतं त्यावर उभं राहायचं हे खरं, पण नुसतं उभं राहिलं तर तेच पायात येतं. येतं त्याला पुढं न्यायला हवं. नाहीतर मी आणि आण्णासाहेब यांच्यात फरक काय? त्यांना एकच उंची दिसते, मला एकच रांग.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस डावीकडं द्यायला शिकवतेय. व्याख्यान दिलं, फळ्यावर बाण काढले. काही नाही. शेवटी महामायानं विचारलं, "बाई, खड्डा उजवीकडं हाय असं समजू का?"

समज बाई, समज.

एका वाक्यात जमलं सगळ्यांना. माझे बाण फळ्यावर आहेत अजून. पुसलेले नाहीत. लाज वाटायची ती वाटू दे.

तिनं म्हणे तलावावर सांगितलं, आणि धुरपदाबाईंनी तिला रांगेत उलट्या बाजूला उभी केली. काम थोडं अडखळलं तर बाया कुरकुरल्या. धुरपदाबाई म्हणाल्या म्हणे, चार दिस अडखळू द्या, पोरीचा डावा हात उघडायलाय.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली म्हणून आण्णासाहेबांनी वाड्यावर बोलावलं. तीळगूळ दिला. गोड बोला म्हणाले. मग बोलले.

वैजूला मागं उभं केलंय म्हणं? आन् धाबेवाल्याची ती वीतभर पोरगी पुढं? आन् मधी ती मातीकामावरची? त्यांनी प्रत्येकीचं नाव न घेता नेमकं सांगितलं. लोकं काय म्हणतेल? खांब आमी द्यायचा आन् नातीनं राखण करायची?

मी म्हटलं, साहेब, तिला तिथं चांगलं जमतं.

"बाई, ऐका. जिल्ह्याला जिंकला तर खांब तुमचा. न्हाय जिंकला तर उपटून कारखान्याच्या कॉलनीत नेतो. तितं अधिकाऱ्यांची पोरं खेळतेल, खांबाचं चीज हुईल."

खांब गेला की आमच्या पोरींचं मैदान गेलं. शाळेला मुलींसाठी दुसरा खेळ नाही. संगीत खुर्ची आहे, तीही गॅदरिंगला. खांब गेला की महामायाचा दिवस तलावापासून सुरू आणि चुलीपाशी बंद. पुतळा चहाचे ग्लास नेत राहील. वैजयंताचं लग्न ठरेल.

हे सगळं बोलायचं होतं. म्हटलं काय? हो साहेब.

वाटेत तीळगूळ थुंकला. बिचाऱ्या तिळांचा काय दोष?

१६ जानेवारी, गुरुवार

वैजयंता मागंच उभी. मी काही बदललेलं नाही आणि बदलणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

परवा जिल्ह्याची स्पर्धा, उस्मानाबादला. आणि परवाच तलावावर खड्ड्यांची मोजणी आहे! महामायाची आई उठली, पण तान्ह्या लेकराला घेऊन तिला चढावर उभं राहता येत नाही. टोळीत आधीच माणसं कमी. मोजणीच्या आधी खड्डा पुरा झाला नाही तर सगळ्या टोळीचं काम कमी भरतं.

मी गेले. बोलणी धुरपदाबाईंशीच.

त्यांचं म्हणणं सरळ. रानात सावड असते तसंच इथं. आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. माणसाच्या बदली माणूस. टोळीतली चांगुणा परवा सुट्टीवर आहे, तिला महामायाच्या जागी बोलवते. पण चांगुणाचा तो दिवस तिला परत कोण देणार? महामायाला दिवस कुठाय?

"मी देते," म्हटलं.

रांग थांबली. पाट्या हातातच राहिल्या. बाया हसल्या, मोकळ्या मनानं हसल्या. एकीनं विचारलं, बाई खडू उचलतेत का पाटी? धुरपदाबाईंनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. बैलाचे दात बघतात तसे.

"लिहून देऊ नगा, बाई," म्हणाल्या. "या."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं नीट लिहून ठेवते.

उस्मानाबादच्या मैदानात शिरलो आणि मुली दारातच थांबल्या. शमशाद म्हणाली, "बाई, दोन हायत." समोर एक रिंग, पाठीमागं एक रिंग. वैजयंता सोडली तर एकीनंही दोन खांब एका जागी बघितले नव्हते. मी समजावलं — एक त्यांचा, एक आपला, मध्यंतरात बाजू बदलतात. माना डोलावल्या. भूगोलाच्या तासाला डोलावतात तशा. तेव्हाच ओळखायला हवं होतं!

पहिला सामना सहज जिंकला. समोरच्या मुली चेंडू आपटत होत्या, आमच्या हातोहात देत होत्या. शेवटचा सामना शहरातल्या शाळेशी. पांढरे बूट, शिट्टीत दाणा असलेले मास्तर. आमच्या दोघी अनवाणी. आण्णासाहेब जीप घेऊन आले होते, पुढच्या रांगेत.

मध्यंतरापर्यंत आम्ही पुढं! भरली, भरली, भरली, रिकामी — आणि पुतळा आत. लोक टाळ्या वाजवायला लागले. महामाया डावीकडंही देत होती, बघता बघता. वैजयंता मागून हाका मारत होती आणि तिच्या आवाजात कधी नव्हता तो हुकूम होता.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. आम्ही राखत होतो त्या रिंगेखाली गर्दी झाली, त्यात चेंडू पुतळाच्या हातात आला. समोर रिंग. पोरगी बगलेखालून शिरली, सगळ्यांना चुकवून, सुंदर — आणि आपल्याच रिंगेत टाकला! गुण त्यांना.

मग हशा. असा हशा की पंचही तोंड फिरवून उभे राहिले. पुतळाला कळेना काय झालं. ती आनंदात माझ्याकडं बघत होती. चहा पोचवला होता ना तिनं!

चूक तिची? एका खांबाशी वर्षभर खेळलेली पोरगी. अणदूरला मी आणि पंचाक्षरी सरांनी तर नियमच केला होता. समोर रिंग दिसली की टाक, हेच शिकवलं. ही चूक करायला संचालक मंडळाचा ठराव लागतो, एकट्या पुतळाचं काम नव्हे.

आण्णासाहेबांनी लांबून हात केला — काढा तिला, वैजूला पुढं घ्या. सगळ्यांनी तो हात बघितला. मुलींनीही. वैजयंता माझ्याकडं बघत होती.

मी पुतळाला जवळ बोलावलं. रडायला लागली होती. म्हटलं, गिऱ्हाईक चुकलं, चहा चांगला होता. आता त्या टोकाला ने. आणि वैजयंताला सांगितलं, तिच्या मागून दिशा ओरडायची, घसा बसला तरी चालेल.

काढली नाही. आण्णासाहेबांचा हात तसाच वर राहिला, बराच वेळ.

त्यानंतर पुतळानं सगळ्यांत जास्त टाकले. तरी हरलो. दोन गुणांनी. कुठले दोन ते सांगायला नको.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुतळा सरावाला आली. सर्वांत आधी आली. महामायानं तिला पहिला चेंडू दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हेडसरांनी बोलावून सांगितलं, येत्या सोमवारी ट्रॅक्टर येतोय. खांब कॉलनीत जाणार. आण्णासाहेब म्हणाले म्हणे, सगळ्या जिल्ह्यापुढं माझा हात हवेत ठेवला बाईनं. हेडसर सांगताना चष्मा पुसत होते.

विचारलं, तुम्हाला काय वाटतं, सर? म्हणाले, मला वाटून काय होणार. विचारलं, मला वाटून? त्यावर त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्ही लिहिता छान, बाई," म्हणाले. यांना कसं कळलं मी लिहिते?

मुलींना सांगितलं. वैजयंता म्हणाली, मी आजोबांशी बोलले, ते म्हणाले पोरीच्या जातीनं मधी बोलू नये. ती बोलली तरी! मी काय केलं? घरी येऊन दोन पानं लिहिली आण्णासाहेबांवर. जळजळीत. वाचून स्वतःच खूश झाले. मग फाडली. सोमवारी ट्रॅक्टर काय पानं वाचायला थांबणार आहे?

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगुणाचा दिवस द्यायला तलावावर गेले. (तिथं सुट्टी बाजारच्या दिवशी, रविवारी नाही.) धुरपदाबाईंनी मला रांगेत घेतलंच नाही. मागची मोजणी साहेबानं अर्धी सोडली होती, उरलेली आज होती. मला खड्ड्याच्या काठावर नेऊन उभं केलं.

"पाटी तुमच्याच्यानं व्हायची न्हाय. तुमचं तोंड चालतंय, ते वापरा. साहेब फीत वरच्यावर धरतोय. आमी बोललं की हजरी कापतोय."

फीत वरच्यावरच होती, तळापर्यंत पोचत नव्हती. मी म्हटलं, साहेब, फीत खाली टेकवा. खड्ड्याचा तळ खड्ड्यात असतो, काठावर नसतो. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, चांगुणाच्या जागेवर आहे. पुन्हा मोजायला लावलं. प्रत्येक खड्डा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. रांग ऐकत होती.

दिवस उतरला तशा धुरपदाबाई म्हणाल्या, "फिटलं, बाई."

ट्रॅक्टर उद्या सकाळी आहे. पाय धुतलेले नाहीत, तशीच आण्णासाहेबांच्या वाड्यावर निघाले आहे.